मोडीतला बंब

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला धाकट्या भावाचा जळगावहून फोन आला. या वयात इतक्या सकाळी फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण त्याचा आवाज आनंदाचा होता. "ताई, बंब सापडला!" म्हणाला. हरवलेलं माणूस सापडल्यावर सांगावं तसं.

झालं होतं असं की, तो घरातली जुनी पितळी भांडी मोडीत द्यायला एका दुकानात गेला होता. तिथे कोपऱ्यात तांब्याचा पाण्याचा बंब उभा होता. तीन पाय, दोन कड्या, पितळी तोटी आणि वर निमुळतं होत गेलेलं धुराडं. "आपल्या मायचा होता ना, हुबेहूब तसा. वितळवायला जाणार होता गं. मी त्याला थांबवून ठेवलंय. तुझ्याकडे थंडी जास्त, तुझा गीझर सारखा बिघडतो, तू घे. पैसे मी देतो." भाऊ अडुसष्ट वर्षांचा आहे, बँकेतून निवृत्त झालेला. पण मला सांगताना तो अजून दुसरीतलाच असतो.

त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. बाहेरच्या लोकांना खान्देश म्हटलं की मे महिन्यातलं भुसावळ आठवतं, पंचेचाळीस अंशांचं. पण धुळ्याची थंडीही तितकीच खरी आहे. डिसेंबर-जानेवारीत कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाचा आकडा पेपरात येतो आणि तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला असतो. मी देवपुरात राहते, एकटी. वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांना सकाळी गरम पाण्याचा शेक मिळाला नाही तर अकरापर्यंत जिना उतरवत नाही. आणि आमच्या बोअरच्या पाण्याला इतका खार, की दोन वर्षांत गीझरची कॉइल दोनदा गेली. कारागिराने काढून दाखवली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या दगडाची साल चढलेली होती.

म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. बघून येते, म्हटलं. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढं निमित्त पुरतं. पारोळा, एरंडोल करत जळगाव. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं, शेवटची वेचणी चाललेली. एका ठिकाणी रिकाम्या झालेल्या शेतात उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटलेला होता आणि धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. कंडक्टरने खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. डोक्यात बंबाचाच विषय होता. मनात आलं, सरपण तर हे असं फुकट जळतंय.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (माझी नात पुण्यात असते. तिने 'अग्निशमन दलाचा बंब का?' असं विचारलं होतं.) बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप आणि त्याच्या पोटातून वर जाणारा नळा. नळ्यात खाली लोखंडी जाळी, तिच्यावर जाळ, जाळीखाली राख पडायला जागा. पाणी नळ्याच्या भोवती. जाळ आणि त्याची ऊब नळ्यातून वर जाताना पाण्याला तापवत जाते आणि धूर वरच्या धुराड्यातून बाहेर पडतो. उघड्या चुलीवर डबा ठेवला तर निम्मा जाळ बाजूने वाया जातो. बंबात जाळाला पाण्याने चारही बाजूंनी वेढलेलं असतं. ज्या कोणा तांबटाच्या डोक्यात पहिल्यांदा हे आलं तो हुशारच म्हणायचा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत असली भांडी ठोकून घडवत, त्यांच्यावरचे हातोडीचे गोल ठसे आरशासारखे चमकत.

आमच्या घरी बंब होता तो अमळनेर तालुक्यातल्या गावी. परसदारी, मोरीच्या भिंतीला लागून. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या आधी त्याला चिंच आणि मीठ लावून घासायचं काम माझं आणि मोठ्या बहिणीचं. रोज पहाटे माय उठायची ती पाच वाजता. आधी बंब पेटवायचा, मग चूल. मी आठ वर्षांची झाले तेव्हा बंब माझ्याकडे आला. पऱ्हाट्या मोडून आत सरकवायच्या, गोवरीचा तुकडा, वर चिमूटभर रॉकेल. रॉकेल मायला न कळता. धूर वरून बाहेर जायचा हे खरं, पण पेटेपर्यंत नाही. गार नळ्यात धूर चढत नाही, तो आधी खालच्या तोंडातूनच बाहेर येतो आणि खालच्या तोंडाशी आपलं तोंड असतं, फुंकणी लावलेलं. ती पहिली दहा मिनिटं काय असतात हे ज्याने बंब पेटवला त्यालाच ठाऊक.

पाणी तापलं की आधी वडील, मग आजोबा, मग भाऊ. त्यांच्यासाठी घंगाळात कढत पाणी काढायचं आणि विसण घालून ठेवायचं. मग बहीण, मी आणि सगळ्यात शेवटी माय. तोवर जाळ विझलेला असायचा आणि तोटीतून कोमट पाणी यायचं. याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. पद्धतच ती होती. पण म्हणूनच भाऊ जेव्हा म्हणतो, "काय सुख होतं गं त्या पाण्यात!" तेव्हा मला कळतं की आम्ही दोघं एकाच बंबाबद्दल बोलत नाही आहोत. त्याला तोटीकडची बाजू आठवते, मला जाळीकडची.

असो. दुकानात पोचलो. दुकानदार तरुण होता. "घेऊन घ्या मॅडम, असा पीस आता भेटत नाही. मुंबईचे लोक शोपीस म्हणून नेतात, त्यात झाडं लावतात." काट्यावर ठेवला, नऊ किलो सातशे ग्रॅम भरला. साडेनऊ हजार सांगितले. भाव तांब्याचाच होता, घडणावळीचे पैसे शून्य. ज्याने तो महिनाभर बसून ठोकला असेल त्याच्या हाताची किंमत कधीच धुराड्यातून उडून गेलेली. वाईट वाटलं.

पण मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत. वही सुंदर दिसली म्हणून मार्क देत नाही. मी त्याला म्हटलं, आधी पाणी भर. तो म्हणाला, कशाला, चांगला आहे. म्हटलं, भर. दोन बादल्या ओतून आम्ही तिघं चहा पीत बसलो. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग जाळीच्या जागी एक थेंब, मग दुसरा. बंब बाहेरून फुटत नाही, तो आतून, नळ्याच्या बुडाशी जातो. कारण जाळ तिथे असतो आणि पाण्यातला खारही तिथेच साचतो. टॉर्च घेऊन आत पाहिलं तर नळ्याच्या सांध्यावर राखाडी रंगाचा जाड डाग लावलेला. म्हणजे कथलाचा. चांगला सांधा पितळेने झाळलेला असतो, तो पिवळसर दिसतो. कथील आणि शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आतबाहेरच वितळतो. लाकडाचा जाळ तर सहाशे-सातशेच्या पुढे. मग इतके दिवस तो टिकला कसा? कारण पलीकडे पाणी होतं. सातवीच्या वर्गात मी (विषय मराठी, पण लहान शाळेत सगळंच शिकवावं लागतं) कागदाच्या द्रोणात पाणी घालून मेणबत्तीवर तापवायचा प्रयोग करत असे. पाणी आहे तोवर कागद पेटत नाही. बंबाचंही तेच. पाणी न भरता एकदा जरी पेटवला की डाग वितळतो आणि बंब संपतो. आमच्या घरी तर नियमच होता, आधी पाणी, मग काडी. या बंबाला कोणीतरी एकदा कोरडा पेटवलेला होता हे उघड दिसत होतं.

बोटाच्या पेराने बाहेरून वाजवून पाहिला. वर टणक नाद, खाली भद्द. खाली खाराचा थर. तोही काढता येतो, आंबट पाण्यात भिजवून, पण दिवस लागतात. जाळी मूळची नव्हती, कुठल्या तरी शेगडीची तोडून बसवलेली. झाकण मात्र ढिलं होतं, ते बरं. झाकण घट्ट करायचं नसतं, वाफ कोंडता कामा नये.

हे सगळं बघत असताना दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, फुटका हंडा विकायला आणलेली. बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "आते कसाले लागस बंब, बाई?" म्हणाली. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

परत येताना भाऊ बसस्टँडपर्यंत सोडायला आला. त्याला वाटलं मी गळतीमुळे नाही म्हणतेय. "झाळून घेऊ ना पितळेने, पाच-सातशे रुपयांचं काम." मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच केला. तो विचार कागदावर मांडावा म्हणून हा लेख.

आधी हिशेब. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं तर चाळीस गुणिले पंचवीस, म्हणजे एक हजार किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे आठशे साठ किलोकॅलरी. म्हणजे सव्वा, गळती धरून दीड युनिट. माझ्या एकटीच्या आंघोळीला तर याच्या निम्मंच पुरतं. लाकडाने करायचं तर? वाळलेल्या पऱ्हाटीच्या किलोत साडेतीन हजार किलोकॅलरी धरा आणि बंबाने त्यातल्या तिसऱ्या हिश्शाचं पाणी केलं असं माना, तर एक किलोसुद्धा लागत नाही. शंभर दिवसांचा हिवाळा धरला तर क्विंटलभर काड्या. एका एकर कपाशीतून त्याच्या कितीतरी पट निघतात आणि बांधावर जळून जातात. हिशेबाने बंब स्वस्त ठरतो, यात शंका नाही. दुरुस्तीसह दहा हजारांचा बंब किती हिवाळ्यांत वसूल होईल हे मात्र माझं वय धरून मोजलं, आणि वही मिटली.

पऱ्हाटी फुकट असते, पण नुसती फुकट नसते. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी खातं कानीकपाळी ओरडतंय की वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटा, त्यांची विल्हेवाट लावा, बांधावर किंवा घरामागे सरपण म्हणून रचून ठेवू नका. न उमललेल्या बोंडांत अळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच पसरते. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी जी गंजी श्रीमंतीची खूण होती, ती आज शेजाऱ्याच्या शेताला घोर. आणि गावी ठीक, धुळ्यात माझ्या दारी क्विंटलभर काड्या कोण आणून टाकणार, आणि पावसाळ्यात त्या कुठे ठेवायच्या? ओल्या काडीचा धूर तर विचारूच नका.

आणि खरी गोष्ट आता सांगते. धूर.

आमची माय १९९६ मध्ये गेली. शेवटची सात-आठ वर्षं तिला दम लागायचा. गावात सगळे 'दमा' म्हणत. शेवटी तालुक्याहून मोठ्या डॉक्टरांकडे आणली. त्यांनी फोटो काढला, छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "किती वर्षं बिडी ओढत होत्या?" मी चकितच झाले. माझी माय! जिने तंबाखूला कधी हात लावला नाही, मशेरीसुद्धा नाही. मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "मग चूल." एवढंच म्हणाले. पुढे औषधं लिहून दिली.

तो एक शब्द मी आजवर विसरलेले नाही. पुढे निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की, हे जगभर मोजलं गेलं आहे, आणि सुरुवातीची काही मोजमापं झाली ती आपल्या शेजारच्या गुजरातेत. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्या किती धूर घेतात हे मोजलं. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे शहर, गिरण्या, मोटारी अशीच समजूत होती. सगळ्यात वाईट हवा चुलीपुढे आहे, असं कोणाच्या ध्यानात नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात बत्तीस लाख माणसं गेली. धुरातले घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, आपल्या केसाच्या जाडीचा विसावा भाग म्हणा. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. डोळ्यांना पाणी येतं ते दिसणाऱ्या धुराने, छातीत साचतो तो न दिसणारा.

याचा अर्थ लाकूड जाळणं म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. भरिताची वांगी गॅसवर भाजली तर त्याला मी भरीत म्हणत नाही, वांग्याची भाजी म्हणते! पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यासाठी हिवाळ्यातून दोनदा धूर खाल्ला तर काही बिघडत नाही. रोज पहाटे, तीस-चाळीस वर्षं, एकाच बाईने खाल्ला तर बिघडतं.

आपल्याकडे या धुराचा विचार झाला नाही असंही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योगवाल्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' काढली, धुराड्याची. १९८३ मध्ये केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा मोठा कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. आमच्या भागातल्या गावांतही त्या बसल्या होत्या. दोन-तीन वर्षांत पाइप काजळीने चोंदले, साफ कोण करणार, बायकांनी फोडून पुन्हा जुन्या चुली मांडल्या. मग २०१६ मध्ये उज्ज्वला आली, सिलिंडर घरोघर पोचला. चांगलंच झालं. पण तुम्ही हिवाळ्यात आमच्या कुठल्याही खेड्यात पहाटे चक्कर मारा. घरात गॅस असतो आणि अंगणात तीन दगडांवर पाण्याचा डबा असतो. गॅस भाजी-भाकरीला जपून वापरायचा, आंघोळीच्या पाण्याला काड्याच. २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकाचं इंधन कोणतं हे विचारलं होतं, आंघोळीच्या पाण्याचं नाही. त्यामुळे तो धूर त्या तक्त्यांत नाही. त्या अंगणातल्या डब्यापेक्षा धुराड्याचा बंब शंभर पटीने बरा, हेही मला मान्य आहे. आहे त्या डब्याच्या जागी कोणी बंब घेणार असेल तर मी त्याला जा, जरूर घे, असंच म्हणेन.

पण माझ्या जागी काय होतं? माझ्या जागी गीझर होता, खराब झालेला. मी बंब आणला असता तर तो परसदारी ठेवावा लागला असता. मोरीत तर नाहीच. बंद जागेत जाळ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो, विस्तवाचंही तसंच आहे. आणि परसदार म्हणजे काय, तर चार फुटांचा बोळ. त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी, आत त्यांची सून आणि दीड वर्षाची मुलगी. गावच्या परसात धूर वर जाऊन लिंबाच्या झाडात विरायचा. देवपुरातला धूर त्या खिडकीत गेला असता. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नसत्या, 'बाई' म्हणून मान देतात. आणि म्हणूनच मी ते करायला नको.

माझा मावसनातू अमेरिकेत, थंड प्रदेशात असतो. त्याच्याशी बोलताना कळलं की तिकडेही हाच घोळ असतो. जुन्या घराच्या भिंतीतल्या उघड्या शेकोटीत बसवायची लोखंडी पेटी मिळते, लाकडाची. जुनी स्वस्तात मिळते म्हणून लोक मोहात पडतात. मग कळतं की तिथल्या पर्यावरण खात्याचा नियम आहे, २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या पेटीने तासाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त धुराचे कण सोडायचे नाहीत, आणि जुनी पेटी त्याच्या कितीतरी पट सोडते. त्याने ती घेतली नाही. "आजी, शेजाऱ्याला दमा आहे," म्हणाला. मला बरं वाटलं. आमच्या घरात धुराचा विचार पुरुषाने केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

'जुनं ते सोनं' या मथळ्याखाली व्हॉट्सॲपवर बंबाचे फोटो फिरतात. 'तांब्याच्या बंबातलं पाणी त्वचेला उत्तम', 'त्या पाण्याला वेगळीच ऊब' वगैरे. तांब्यातलं पाणी पिण्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण डोक्यावरून ओतलेलं पाणी तांब्यात होतं की पत्र्यात, हे अंगाला कसं कळणार? ऊब वेगळी होती ती दुसऱ्याने तापवून दिलं होतं म्हणून. असे फोटो पाठवणाऱ्यांत बायका फार कमी असतात, हे माझं निरीक्षण. चुकीचं असेल तर कळवा.

तर मी भावाला फोन केला आणि सांगितलं, माझ्यासाठी नको. गीझरला नवी कॉइल टाकली आहे आणि गच्चीवर सौर बंबाची चौकशी चालू आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सरकारने २०१३ मध्ये सव्वाशे मेगावॅटचं सौर केंद्र उभं केलं, ते काय उगाच? ऊन आमच्याकडे हिवाळ्यातही भरपूर. खाऱ्या पाण्याला काचेच्या नळ्यांचा घ्यावा असं सांगतात, तसा बघते आहे.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तुला मायची आठवणच नको वाटते का?" हे मला लागलं. मी म्हटलं, अरे, मला मायची आठवण आहे म्हणूनच नको. आणि मग डॉक्टरांचा तो प्रश्न त्याला पहिल्यांदाच सांगितला. १९९६ पासून सांगितला नव्हता. का नव्हता, मला माहीत नाही. त्याला फक्त 'दमा' माहीत होता. तो काही बोलला नाही. फोन ठेवला.

पंधरा दिवस त्याचा फोन नाही. मी थोडी काळजीत होते. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मोबाइलवर फोटो आला. त्याच्या शेतातल्या खोलीपुढे, मोकळ्या रानात, बंब उभा. पितळेने झाळून घेतलेला, जाळी नवी. दुकानदाराने साडेसात हजारांत दिला म्हणे. आणि बंबापुढे स्वतः भाऊ उकिडवा बसलेला, फुंकणी हातात, डोळे लाल. वहिनी मागे खुर्चीवर बसून हसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'पाऊण तास झाला, पेटत नाही. तू कसा पेटवायचीस?'

मी फोन लावला. म्हटलं, पाणी भरलंस का आधी? भरलं म्हणाला. मग आतली सगळी लाकडं बाहेर काढ. तू ठासून भरली असशील, वडीलही तसंच करायचे. खाली दोन बोटं राख राहू दे, जाळी मोकळी पाहिजे. कागद नको, वाळका पाचोळा घे. त्यावर काडीपेटीएवढ्या बारीक काटक्या उभ्या लाव, आडव्या नाही. पेटलं की फुंकू नकोस, तोंड लांब ठेव आणि वाऱ्याकडे पाठ करून बस. नळा हाताला गरम लागला की मग गोवरीचा तुकडा. आणि पहिलं पाणी वहिनींना काढ.